नावाचा धनी आणि हाताचा कारभारी : बुलढाण्यापासून आशियापर्यंत



आशिया खंडातील राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख हा विषय पहिल्या दृष्टीस नावांच्या यादीचा वाटतो. देशाचे नाव एका रकान्यात, दुसऱ्यात राजा किंवा राष्ट्रपती, तिसऱ्यात पंतप्रधान, आणि काही ओळींत दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यात एकच नाव. अशी यादी एका निवडणुकीने किंवा एका बंडाने शिळी होते. तिच्यातील रकाने मात्र शतकानुशतके टिकून आहेत. एका देशाला दोन प्रमुख का लागतात? ज्याच्या नावाने राज्य चालते त्याच्या हाती राज्य का नसते? आणि ज्याच्या हाती ते असते त्याला दुसऱ्याच्या नावाची गरज का भासते? या प्रश्नांचा विचार येथे तीन टप्प्यांत केला आहे : प्रथम बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास, मग आजचा आशिया, आणि शेवटी भारताची राज्यघटना.

आरंभी दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. ज्याच्या नावाने कायदे निघतात, परराष्ट्रांचे राजदूत ज्याला आपली अधिकारपत्रे सादर करतात आणि राज्याचे सातत्य ज्याच्या पदातून व्यक्त होते, तो राष्ट्रप्रमुख. जो मंत्रिमंडळ चालवतो, धोरण ठरवतो, खजिन्याचा विनियोग करतो आणि रोजच्या निर्णयांची सूत्रे हाती ठेवतो, तो शासनप्रमुख. जुन्या मराठी व्यवहारात पहिल्यास धनी म्हणत आणि दुसऱ्यास कारभारी. ही विभागणी इंग्रजांबरोबर वेस्टमिन्स्टरहून आली, असा समज आहे. तो किती अपुरा आहे हे पाहण्यासाठी या जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही.

पहिले ठिकाण मोताळा तालुक्यातील रोहिणखेड. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीत इस्माइल हा अल्पवयीन मुलगा गादीवर होता आणि कारभार जमालखान या महदवी पंथीय सरदाराच्या हाती होता. मुलाचे वडील बुऱ्हाण हे मोगलांच्या आश्रयास होते. गादीवरचा आपला हक्क मिळवण्यासाठी ते खानदेशच्या राजे अलीखानाच्या मदतीने चालून आले आणि १५९०-९१ च्या सुमारास रोहिणखेडजवळ लढाई झाली. जमालखान मारला गेला, बुऱ्हाण सुलतान झाले आणि मुलाचे राज्य संपले. येथे बापाने मुलाविरुद्ध शस्त्र उचलले असे म्हणावे काय? मुलगा केवळ नावाचा धनी होता. लढाई कारभाऱ्याशी होती. वऱ्हाडाला हा प्रकार नवा नव्हता. त्याआधी इमादशाहीत तुफालखान या मंत्र्याने आपला बाल-सुलतान नरनाळ्याच्या किल्ल्यावर बंदीत ठेवला होता आणि वऱ्हाडचे राज्य स्वतः चालवले होते. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड जिंकले, तेव्हा बंदीतला धनी आणि त्याला बंदी करणारा कारभारी दोघेही एकदमच नाहीसे झाले.

दुसरे ठिकाण सिंदखेडराजा. १५९८ मध्ये येथे शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाईंचा जन्म झाला, ही गोष्ट या सभागृहात नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु त्या जन्माच्या मागेपुढे घडलेले राजकारण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जिजाबाईंच्या बालपणी निजामशाहीचा खरा सूत्रधार मलिक अंबर होता, आणि १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यानंतर निजामशाही घराण्यातील एकास गादीवर बसवून त्याच्या नावाने त्याने पाव शतक राज्य राखले. १६२९ मध्ये जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव आणि त्यांचे पुत्र देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, दरबारात मारले गेले. पुढे १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेल्यावर जिजाबाईंचे पती शहाजीराजे यांनी पेमगिरीवर निजामशाही घराण्यातील एका मुलाला गादीवर बसवले आणि १६३६ पर्यंत त्याच्या नावाने मोगल व आदिलशाही या दोन सत्तांशी झुंज दिली. कर्तबगारी शहाजीराजांची होती, फौज त्यांची होती, किल्लेही त्यांच्या ताब्यात होते. मग छत्र त्या बालकाच्या डोक्यावर का धरले? कारण त्या काळाच्या समजुतीप्रमाणे वंश हाच अधिकाराचा आधार होता, आणि वंशाच्या नावाशिवाय उभारलेली फौज राज्याची न मानता बंडखोरांची मानली जात असे.

शिवाजी महाराजांच्या ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. जो कर्तबगार तोच धनी, असा त्याचा अर्थ होता. दुसऱ्याच्या नावाची ढाल येथे टाकून दिली गेली. महाराजांच्या अष्टप्रधानांत मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान होते, पण ते राजाच्या आज्ञेत वागणारे अधिकारी होते. १६६६ मध्ये महाराज आग्र्यास असताना कारभार जिजाबाईंच्या देखरेखीखाली चालला आणि महाराज परतल्यावर तो जसाच्या तसा त्यांच्या हाती आला. कारभारी विश्वासू असणे आणि कारभारी नियमाने बांधलेला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली त्या काळी साधली होती. दुसरी साधलेली नव्हती, आणि तिची किंमत पुढच्या शतकात मोजावी लागली.

तिसरे ठिकाण साखरखेर्डा. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजामुल्मुल्क या मोगल सरदाराने हैदराबादचा मोगल सुभेदार मुबारिझखान याचा पराभव केला. मुबारिझखान लढाईत पडला. बाजीराव पेशव्यांची फौज त्या वेळी निजामाच्या बाजूस होती. विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा असे नाव देण्यात आले, आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया या लढाईने पक्का झाला असे इतिहासकार मानतात. परंतु निजामुल्मुल्काने स्वतःला राजा म्हणवले काय? म्हणवले नाही. तो अखेरपर्यंत दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार म्हणूनच वागला; कर वसूल करणे, लढाया करणे, तह करणे हे सर्व स्वतःच्या मर्जीने, पण नाव बादशहाचे. त्याच्या वंशजांच्या नाण्यांवरून मोगल बादशहाचे नाव गेले ते १८५७ च्या उठावानंतर, म्हणजे बादशाहीच नाहीशी झाल्यावर. दक्षिणेचा एवढा मोठा संस्थानिक सव्वाशेहून अधिक वर्षे स्वतःला कागदोपत्री दुसऱ्याचा नोकर म्हणवीत राहिला.

हीच गोष्ट त्याच काळात साताऱ्यात घडत होती. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले; छत्रपती शाहू महाराजांच्या हयातीत पेशवा बलवान झाला तरी महाराजांचा शब्द चालत असे. १७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले, १७५० मध्ये सांगोल्याचा करार झाला आणि राज्याची सूत्रे पुण्यास गेली. तरीही प्रत्येक नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच आणावी लागत आणि पेशव्यांच्या शिक्क्यावर छत्रपतींचे नाव असे. पुढे नावांची ही उतरंड आणखी वाढली. सवाई माधवराव अल्पवयीन असल्याने पेशव्यांच्या नावाने नाना फडणीस कारभार पाहू लागले, म्हणजे कारभाऱ्यालाही कारभारी आला. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशाहीचा सर्वाधिकारी, हे पद मिळवले आणि पेशव्यांचे नायब म्हणून त्या पदाचा अंमल स्वतः चालवला. दिल्लीत बादशहा, त्याच्या नावाने पेशवा, पेशव्याच्या नावाने महादजी. साताऱ्यात छत्रपती, त्यांच्या नावाने पेशवा, पेशव्याच्या नावाने नाना. निर्णय चुकला तर जाब कोणाला विचारायचा? या रचनेत त्याचे उत्तर कोठेही लिहिलेले नव्हते.

आता साऱ्या वऱ्हाडाकडे वळणे इष्ट होईल. अठराव्या शतकात येथे हैदराबादच्या निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल एकाच गावावर एकाच वेळी चालत असे; निजामाचा अधिकारी महसूल मागे आणि भोसल्यांचा अधिकारी चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, व त्यावर सरदेशमुखी मागे. या दुहेरी अंमलास दुअमली असे म्हणत. इंग्रज व भोसले यांच्यातील १८०३ च्या अडगावच्या लढाईनंतर देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले. निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या, पण इंग्रजांच्या हुकमतीतील फौजेचे देणे थकले, म्हणून २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले. मालकी निजामाची, व्यवस्था हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटची. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने याच्याही पुढचे पाऊल टाकले : निजामाचे सार्वभौमत्व मान्य करून वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या मक्त्याने घेतले. सातबाऱ्यावर नाव एकाचे, मक्त्याने शेत दुसऱ्याकडे आणि मक्त्याला मुदतच नाही, अशी ही स्थिती होती. फरक इतकाच की येथे शेताच्या जागी लाखो माणसांचा प्रांत होता. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली गेले, आणि १९०५ मध्ये खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून निघून बुलढाणा जिल्ह्यास जोडले गेले.

१९३६ चा करार तर नामधारी सत्तेचा नमुनाच मानावा लागेल. त्या करारान्वये निजाम हा हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम ठरला, त्याच्या युवराजास वऱ्हाडचा राजपुत्र ही पदवी मिळाली, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडच्या गव्हर्नरची नेमणूक करताना निजामाशी विचारविनिमय करण्याचे ठरले. म्हणजे १९३७ नंतरच्या बुलढाण्यातील शेतकऱ्यावर किती धनी होते? कायद्याने सार्वभौम निजाम, प्रत्यक्षात सर्वोच्च लंडनचा राजा, त्याच्या वतीने दिल्लीत व्हाइसरॉय, नागपुरात गव्हर्नर, आणि गव्हर्नरपुढे निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा मुख्य, ज्याला त्या काळी प्रांताचा पंतप्रधानच म्हणत. वऱ्हाड परकीय राज्याचा भाग असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदेही येथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्रपणे लागू करावे लागत. या साऱ्या उतरंडीत मतदाराला हात पोहोचेल अशी एकच पायरी होती, ती म्हणजे शेवटची, आणि तिच्यावर मताधिकारही मर्यादित होता. १९३८ मध्ये प्रांताचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांनी राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनवले, राजीनामा नाकारणाऱ्या सहकाऱ्यांना गव्हर्नरने दूर केले, काँग्रेस श्रेष्ठींनी खरे यांना पायउतार होण्यास भाग पाडले आणि रविशंकर शुक्ल पंतप्रधान झाले. शासनप्रमुख कोणाला जबाबदार : गव्हर्नरला, पक्षाला की विधानसभेला? नागपुरात त्या वर्षी उपस्थित झालेला हा वाद आजही जुना झालेला नाही.

येथून आशियाकडे पाहताना या खंडातील राज्यरचना अनोळखी वाटत नाही. पेशवाईचे सर्वांत जवळचे साम्य नेपाळात सापडते. तेथे १८४६ मध्ये जंगबहादुर राणा यांनी सत्ता हाती घेतली आणि १९५१ पर्यंत पंतप्रधानपद राणा घराण्यात वंशपरंपरेने चालले. राजा श्री ५ महाराजाधिराज आणि राणा पंतप्रधान श्री ३ महाराज. बिरुदावलीत राजा दोन श्रींनी वरचढ होता, पण राजवाड्यावर पहारा राणांचा होता. १९५१ मध्ये राणाशाही गेली, तेव्हा राजा मोकळा झाला. परंतु त्या मोकळेपणाचा लाभ पुढे राजेशाहीनेच घेतला, १९६० मध्ये निवडून आलेले सरकार बरखास्त झाले, आणि शेवटी २८ मे २००८ रोजी राजेशाहीच संपली. जपानातही शोगुन या सेनानायक घराण्यांनी सम्राटाच्या नावाने कित्येक शतके राज्य केले; १८६८ मध्ये ती पद्धत गेली आणि १९४७ च्या संविधानाने सम्राटास राष्ट्राचे व जनतेच्या ऐक्याचे प्रतीक ठरवून राज्यकारभाराविषयीचे सारे अधिकार काढून घेतले. दोन्ही देशांत धनी नामधारी होता. तरी राणांचे नेपाळ आणि आजचे जपान यांना एका मापाने मोजता येईल काय?

राजेशाहीतही भेद आहेत. मलेशियात नऊ वंशपरंपरागत राजे आपल्यातून पाच वर्षांसाठी एकास सर्वोच्च राजा निवडतात. कंबोडियात राजा आहे, पण त्याची निवड एक मंडळ करते. भूतानच्या २००८ च्या संविधानाने राजालाही वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त होण्याचे बंधन घातले आहे. याउलट ब्रुनेईत सुलतान स्वतःच पंतप्रधान आहे. सौदी अरेबियात राजाच पंतप्रधान असावा असा नियम होता. त्याला अपवाद करून २०२२ मध्ये ते पद युवराजास देण्यात आले, म्हणजे दोन पदे वेगळी झाली तरी घराणे एकच राहिले. संयुक्त अरब अमिरातीत सात अमीर मिळून राष्ट्राध्यक्ष निवडतात. प्रघातानुसार अबू धाबीचा अमीर राष्ट्राध्यक्ष आणि दुबईचा अमीर पंतप्रधान होतो.

गणराज्यांतही सर्वत्र एकच प्रकार नाही. इंडोनेशिया आणि फिलिपिन्स येथे राष्ट्राध्यक्ष हाच शासनप्रमुख असतो. तुर्कस्तानने २०१८ मध्ये पंतप्रधानपद रद्द करून तीच वाट धरली. इराणमध्ये १९८९ मध्ये पंतप्रधानपद गेले. निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष शासन चालवतो, परंतु त्याच्या वर सर्वोच्च नेता हे धर्माधिष्ठित पद आहे. चीनमध्ये राष्ट्राध्यक्षाचे पद घटनेने फारसे सामर्थ्यवान नाही. खरी सत्ता कम्युनिस्ट पक्षाच्या सरचिटणीसाकडे असते, आणि एकच व्यक्ती दोन्ही पदे भूषवते म्हणून राष्ट्राध्यक्ष बलवान दिसतो. लेबनॉनमध्ये १९४३ च्या अलिखित करारानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया असतो. तेथे दोन पदांची विभागणी ही जमातींमधील वाटणी आहे. उत्तर कोरियाने १९९४ मध्ये निधन पावलेल्या किम इल सुंग यांना १९९८ च्या संविधानात शाश्वत राष्ट्राध्यक्ष म्हटले. नामधारी प्रमुखाची कल्पना याहून पुढे नेणे कठीण आहे!

मग प्रदेशांचे काय? हाँगकाँग १९९७ पासून आणि मकाव १९९९ पासून चीनचे विशेष प्रशासकीय प्रदेश आहेत. तेथील मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची स्थानिक निवड होते, पण नेमणूक बीजिंगकडून होते. सायप्रस बेटावरील अक्रोतिरी व ढेकेलिया या ब्रिटिश तळांचा प्रशासक हा तेथील ब्रिटिश सैन्याचा सेनापतीच असतो. अशा प्रदेशांतील माणसाचा राष्ट्रप्रमुख समुद्रापलीकडे किंवा दूरच्या राजधानीत असतो आणि शासनप्रमुख त्याचा नेमलेला असतो. १९६१ पर्यंत गोव्यातील मराठी-कोकणी माणूस लिस्बनने नेमलेल्या गव्हर्नर जनरलखाली हेच अनुभवत होता, आणि १९०२ नंतरच्या बुलढाण्यानेही त्याचाच एक प्रकार अनुभवला होता.

शेजाऱ्यांचे दोन अनुभव विशेष बोधप्रद आहेत. पाकिस्तानात १९८५ च्या आठव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षास राष्ट्रीय विधानसभा बरखास्त करण्याचा अधिकार मिळाला आणि १९८८, १९९०, १९९३ व १९९६ अशी चार वेळा निवडून आलेली सरकारे त्या अधिकाराने घरी पाठवली गेली. २०१० च्या अठराव्या दुरुस्तीने तो अखेर काढून घेण्यात आला. श्रीलंकेत १९७८ च्या संविधानाने सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे एकवटली. ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांनी पंतप्रधान विक्रमसिंघे यांना दूर केले, संसद बरखास्त करण्याचा हुकूमही काढला. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम घटनाबाह्य ठरवला आणि विक्रमसिंघे डिसेंबरात पुन्हा पदावर आले. पाकिस्तानात धन्याला लगाम घालण्यास पंचवीस वर्षे लागली, श्रीलंकेत त्या प्रसंगी काही आठवडे पुरले. हा फरक न्यायालयाच्या आणि संसदेच्या बळाचा होता.

भारताच्या राज्यघटनेने या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले आहे. अनुच्छेद ५३ प्रमाणे कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे. अनुच्छेद ७४ प्रमाणे ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायची आहे. आणि अनुच्छेद ७५ प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने सल्ला बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली, ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक परत पाठवले, आणि संसदेने ते पुन्हा संमत केल्यावर त्यावर सही केली. या जिल्ह्याच्या शेजारच्या एदलाबाद मतदारसंघातून अनेक वर्षे विधानसभेत निवडून आलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात पहिल्या महिला राष्ट्रपती होत्या. ज्या प्रांताने इतकी वर्षे दूरचा, न निवडलेला धनी पाहिला, त्याच्या सीमेवरील सार्वजनिक जीवनातून देशाला निवडून गेलेला राष्ट्रप्रमुख लाभला, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

राज्यपातळीवर मात्र हे उत्तर अजून पूर्णपणे अंगवळणी पडलेले नाही. महाराष्ट्रातील २०२२ च्या सत्तांतराविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी दिलेल्या निर्णयात, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे म्हटले. परंतु मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येत नाही, असेही सांगितले. नामधारी प्रमुखाने केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, ही मर्यादा कागदावर असून भागत नाही. ती सांभाळणारी माणसे आणि ती मोडल्यास सांगणारी न्यायालये, दोन्ही लागतात.

आतापर्यंतच्या विवेचनाचा सारांश असा. नाव आणि सत्ता यांची फारकत ही परदेशी कल्पना नाही. रोहिणखेड, सिंदखेडराजा आणि साखरखेर्डा या तीन गावांच्या इतिहासात ती स्पष्ट दिसते. ही फारकत स्वतः चांगली किंवा वाईट नाही. राणांच्या नेपाळात तिने जुलूम झाकला, आणि आजच्या जपानात तीच फारकत लोकशाहीच्या सोयीची ठरली. एका हाती दोन्ही पदे असणे हेही स्वतः दोषाचे नाही, कारण ब्रुनेईचा सुलतान आणि इंडोनेशियाचा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष यांच्यात त्या एका बाबीपलीकडे काहीच साम्य नाही. भेद ठरतो तो एकाच कसोटीवर : कारभाऱ्याला काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे? तुफालखानाला फक्त परकी फौज काढू शकली, जमालखानाला लढाई, पेशव्याला इंग्रज आणि राणांना बंड. १९५० नंतरच्या भारतात कारभाऱ्याला काढण्याचा अधिकार लोकसभेकडे आहे, आणि लोकसभा बदलण्याचा अधिकार मतदाराकडे. धनी आणि कारभारी ही जोडी राज्यघटनेने मोडली नाही. तिने कारभाऱ्याच्या वर पहिल्यांदाच एक खरा धनी बसवला, आणि तो धनी म्हणजे या सभागृहात बसलेला नागरिक.

म्हणून श्रोत्यांना एवढेच आवाहन आहे की कोणत्याही देशाच्या प्रमुखांची यादी वाचताना नावांवर थांबू नये. दुसऱ्या रकान्यातील व्यक्तीस केव्हा बोलता येते आणि तिसऱ्या रकान्यातील व्यक्तीस कोण, कोणत्या मार्गाने, किती दिवसांत दूर करू शकते, हे विचारावे. हाच प्रश्न आपल्या राज्याबद्दल आणि आपल्या जिल्हा परिषदेबद्दलही विचारत राहावे. कारण ज्या दिवशी तो विचारणे थांबते, त्या दिवसापासून निवडून आलेला कारभारीही मक्तेदार होऊ लागतो.